स्टार काउंटीचे ३२ निकाल आणि एक तुटलेली मालिका

प्रश्न थोडक्यात असा आहे: टेक्ससमध्ये, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या स्टार काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याखालचा, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. तिथे रिपब्लिकन उमेदवार अध्यक्षपदासाठी पुढे राहण्याची ही १३२ वर्षांतली पहिली वेळ, असं बातम्यांत आलं. एखादी काउंटी इतकी वर्षं एकाच पक्षाकडे कशी राहते, मग अचानक कशी फिरते, आणि पुढचा नंबर कोणाचा?

गेली अठरा वर्षं मी अमेरिकेतल्या काउंटीनिहाय निकालांचे तक्ते जुळवण्याचं काम करते. जुनी रजिस्टरं, मायक्रोफिल्म, राज्यांची प्रमाणित निकालपत्रं यांतच दिवस जातो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पण सुरुवातीलाच एक सांगते. प्रश्नातला ‘अचानक’ हा शब्द मला मान्य नाही.

स्टार काउंटीचेच आकडे घ्या. १८९६ ते २०२० अशा सलग ३२ अध्यक्षीय निवडणुकांत तिथे डेमोक्रॅट पुढे होते. १८९२ मध्ये बेंजामिन हॅरिसन पुढे राहिले, त्यानंतर थेट ट्रम्प. वस्ती ९५ टक्क्यांहून अधिक हिस्पॅनिक, मुख्य गाव रिओ ग्रँड सिटी. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे ९,३०० मतं मिळाली, ट्रम्पना जेमतेम २,२००. टक्केवारीत ७९ विरुद्ध १९. चार वर्षांनी बायडेन यांना मिळाली सुमारे ९,१००, म्हणजे क्लिंटन यांच्याइतकीच. ट्रम्प मात्र २,२०० वरून ८,२०० वर गेले. टक्केवारी झाली ५२ विरुद्ध ४७.

इथे थोडं थांबा, कारण सगळी गोम इथेच आहे. टक्केवारी पाहणारा म्हणतो, ‘डेमोक्रॅटांची २७ टक्के मतं गेली.’ मतं मोजणारा म्हणतो, डेमोक्रॅटांचा गठ्ठा जवळपास तेवढाच राहिला, पण जे लोक आधी मतदानाला येतच नव्हते ते आले आणि बहुतांश दुसऱ्या बाजूला गेले. अर्थात बेरजेवरून माणसं ओळखता येत नाहीत. काही जुने पलीकडे गेले असतील आणि त्यांची जागा नव्यांनी भरली असेल. पण ‘पिढ्यानपिढ्यांचे डेमोक्रॅट एका रात्रीत उलटले’ हे चित्र या आकड्यांतून निघत नाही. २०२४ ची गोष्ट वेगळी. ट्रम्प साधारण ९,५०० वर गेले, कमला हॅरिस ६,९०० च्या आसपास थांबल्या आणि एकूण मतदान घटलं. तेव्हा डेमोक्रॅटांचे लोक घरी बसले किंवा फिरले, किंवा दोन्ही. मालिका तुटल्याची बातमी २०२४ ला झाली, पण ती उसवली होती २०२० मध्येच. त्याच वर्षी शेजारच्या झपाटा काउंटीत ट्रम्प जिंकले होते. तिथे त्याआधीचा रिपब्लिकन विजय १९२० चा, वॉरन हार्डिंग यांचा. 

आता इतकी वर्षं टिकली कशी, ते पाहू. दक्षिण टेक्ससपुरतं याचं उत्तर पक्षनिष्ठेपेक्षा वाड्यावरच्या राजकारणात सापडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ‘पॅट्रोन’ची सत्ता होती. मोठा रँचमालक किंवा व्यापारी कामगारांना उचल देणार, आजारपणात पैसा देणार, पोलिसांच्या भानगडीतून सोडवणार आणि मतदानाच्या दिवशी गाडीत घालून नेणार. ब्राउन्सव्हिलचा वकील जेम्स वेल्स हा या साऱ्यांचा वरचा सूत्रधार, आणि स्टार काउंटीत मॅन्युएल गेरा हे नाव. १९०२ पासून टेक्ससमध्ये मतदानासाठी ‘पोल टॅक्स’ भरावा लागे. गरिबाला ते परवडत नसे, म्हणून पॅट्रोनच तो भरत असे. मग मत कोणाचं झालं, हे वेगळं सांगायला नको. स्थानिक गटांना रंगांची नावं असत, तांबडे आणि निळे. पक्षाचं नाव वाचता न येणाऱ्यालाही रंग कळतो. आपल्याकडे निवडणूक चिन्हं आली ती याच गरजेतून, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये.

या राजकारणाची सर्वांत गाजलेली खूण म्हणजे १९४८ ची सिनेटसाठीची डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक. जिम वेल्स काउंटीतल्या ॲलिस गावची ‘पेटी क्रमांक १३’. मतदान होऊन सहा दिवस उलटल्यावर या पेटीत दोनशेच्या वर मतं वाढली. त्या मतदारांची नावं यादीच्या शेवटी, एकाच शाईत, आणि आश्चर्य म्हणजे बाराखडीच्या क्रमाने लिहिलेली. मतदार बाराखडीने रांगेत उभे राहतात असं निदान मी तरी कुठे पाहिलेलं नाही. लिंडन जॉन्सन ८७ मतांनी जिंकले आणि पुढे अध्यक्षही झाले. शेजारच्या डुव्हाल काउंटीचे जॉर्ज पार यांचा हात यामागे होता असं मानलं जातं. अशा ठिकाणच्या ‘अखंड मालिके’तला प्रत्येक आकडा मतदाराच्या मनाचा कौल म्हणून वाचायचा म्हणजे भोळेपणा झाला.

सगळीकडे मात्र वाडे नव्हते. केंटकीचं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण तिथे दोन काउंट्या समोरासमोर ठेवता येतात. दोन्ही राज्याच्या पूर्व भागात, डोंगराळ, गरीब, जवळपास पूर्ण गोऱ्या, दोन्हीकडे लहान शेतकरी आणि तंबाखूचं पीक. एक जॅक्सन काउंटी. यादवी युद्धानंतर आजवर अध्यक्षपदाच्या एकाही निवडणुकीत तिथे डेमोक्रॅट जिंकलेला नाही. रूझवेल्ट यांच्या लाटेत नाही, १९६४ मध्ये जॉन्सन यांनी देशभर धुव्वा उडवला तेव्हाही नाही. दुसरी एलियट काउंटी. ती १८६९ मध्ये स्थापन झाली आणि १८७२ च्या पहिल्याच मतदानापासून २०१२ पर्यंत सलग ३६ वेळा डेमोक्रॅटिक. रेगन यांच्या दोन्ही लाटा तिच्या डोक्यावरून गेल्या.

एकच राज्य, एकसारखी माणसं, मग दीडशे वर्षं दोन टोकं का? कारण १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा कोणतं कुटुंब कोणत्या बाजूने बंदूक घेऊन उभं राहिलं, यावर पुढच्या पाच पिढ्यांचं मत ठरलं. ॲपलेशियन डोंगरांतल्या बऱ्याच भागात गुलामांवर चालणारे मळे नव्हते आणि तिथल्या अनेकांना दक्षिणेचं बंड पसंत नव्हतं. टेनेसीतल्या स्कॉट काउंटीने फुटून निघण्याच्या विरोधात ५४१ विरुद्ध १९ असं मत दिलं. राज्य तरीही फुटलं, तेव्हा काउंटीने स्वतःलाच राज्यापासून वेगळं जाहीर केलं. तो ठराव कागदावरून रद्द व्हायला १९८६ उजाडलं! ही माणसं लिंकन यांच्या, म्हणजे रिपब्लिकन पक्षाला चिकटली. टेनेसीच्या पूर्व टोकाचा पहिला काँग्रेस मतदारसंघ १८८१ पासून रिपब्लिकनांकडेच आहे.

एलियटचं शेवटचं पर्व आकड्यांत पाहण्यासारखं आहे. २००४ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी यांना तिथे ७० टक्के. २००८ मध्ये ओबामा यांना ६१. २०१२ मध्ये ओबामा कसेबसे जिंकले, साधारण ६० मतांनी. २०१६ मध्ये ट्रम्प यांना ७० टक्के. बारा वर्षांत ७० टक्के या बाजूचे त्या बाजूला. पण तिथलं आमदारकीचं गणित निराळं होतं. काउंटीचं मुख्य गाव सँडी हुक इथले रॉकी ॲडकिन्स हे डेमोक्रॅट १९८७ पासून केंटकीच्या प्रतिनिधीगृहात होते. ट्रम्प यांची लाट येऊन गेली तरी ते निवडून येत राहिले. २०१९ च्या अखेरीस त्यांनी जागा सोडली आणि २०२० च्या फेब्रुवारीतली पोटनिवडणूक रिपब्लिकनांनी घेतली. म्हणजे वरची मालिका आधी तुटली, खालची माणूस गेल्यावर. शेरीफ आणि आमदार ओळखीचे असतात, त्यांना पक्ष पाहून मत द्यायची गरज नसते. वॉशिंग्टनचा माणूस दिसतो तो टीव्हीवर, आणि टीव्हीवर पक्षच दिसतो.

एलियटमधली दारिद्र्याची किंवा तंबाखूची गोष्ट सांगून लोक मोकळे होतात. मला ती पुरी पटत नाही. जॅक्सनमध्येही तेच दारिद्र्य आणि तोच तंबाखू होता. तेव्हा बदलली ती माणसांची परिस्थिती नाही, बदलला तो ‘डेमोक्रॅट’ या शब्दाचा अर्थ. पूर्वी त्याचा अर्थ आजोबांचा पक्ष असा होता. आता शहरी, धर्मापासून लांब, कोळसा आणि बंदुकीच्या विरोधातला पक्ष असा झाला. आज जॅक्सन आणि एलियट अध्यक्षपदासाठी एकाच बाजूला मत देतात. १८६१ ची भिंत पडायला दीडशे वर्षं लागली एवढंच.

आता ज्याकडे मालिका मोजणारे हमखास दुर्लक्ष करतात, त्या भागाकडे येते. अलाबामातली लाउन्ड्स काउंटी. १९४४ मध्ये ती रूझवेल्ट यांना मत देते, १९८४ मध्ये मॉन्डेल यांना. दोन्ही डेमोक्रॅट. नुसता रंग पाहिला तर वाटेल, काय ही निष्ठा. प्रत्यक्षात १९६५ च्या सुरुवातीला या काउंटीत सुमारे ८० टक्के लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांपैकी एकाचंही नाव मतदारयादीत नव्हतं. १९४४ चे डेमोक्रॅट म्हणजे गोरे जमीनमालक आणि त्यांच्या बाजूचे लोक. १९८४ चे डेमोक्रॅट म्हणजे मतदानहक्क कायदा आल्यावर नोंदणी झालेली, त्या मळ्यांवर राबलेल्यांची लेकरं. दुकानाची पाटी तीच, आत मालकही निराळा आणि गिऱ्हाईकही निराळं. दक्षिणेतल्या कितीतरी काउंट्यांची १८८० ते १९४४ ची ‘अभेद्य’ मालिका म्हणजे कोणाला मत देऊ दिलं नाही याची नोंद आहे. तक्त्यात विजेत्याच्या शेजारी झालेल्या मतदानाचा आकडा लिहिला की हे लगेच दिसतं. हजारोंच्या वस्तीत काहीशे मतं!

बरं, मोजायची कशी? इथे भांडणं होतात, आणि माझ्या मते होणं योग्यच आहे. ‘सदैव रिपब्लिकन’ आणि ‘कधीच डेमोक्रॅट नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी पक्षात बंडखोरी करून वेगळी चूल मांडली. मिशिगनची ऑटावा काउंटी १८६४ नंतर एकदाही डेमोक्रॅटकडे गेलेली नाही, पण १९१२ मध्ये तिने बंडखोर रूझवेल्ट यांना निवडलं. मग तिची मालिका १८६८ पासून धरायची की १९१६ पासून? शिकागोजवळच्या ड्युपेज काउंटीचं तसंच. २००८ मध्ये ओबामा तिथे जिंकले, तेव्हा १८५२ नंतरचा पहिला डेमोक्रॅट असं म्हणता आलं, पण ‘१५० वर्षं रिपब्लिकन’ असं म्हणताना १९१२ गिळावं लागतं. मी दोन वेगळे रकाने ठेवते. वाचणाऱ्याला कटकट वाटते, पण भांडण मिटतं.

दक्षिणेत तर आणखी गुंता. १९४८ मध्ये अलाबामात डेमोक्रॅटांचे अधिकृत उमेदवार ट्रूमन यांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं. ‘डेमोक्रॅट’ म्हणून तिथे उभे होते थर्मंड, आपल्याच पक्षाविरुद्ध उभे राहिलेले. काउंटीने त्यांना मत दिलं तर ते डेमोक्रॅटिक मत म्हणायचं का? १९६८ मध्ये त्याच राज्यात जॉर्ज वॉलेस हे पक्षाचे अधिकृत उमेदवार नसूनही डेमोक्रॅटांच्या चिन्हावर. मी अशा वर्षांपुढे तारा काढते आणि खाली टीप देते. ज्यांच्या यादीत अशी टीप नाही त्यांच्या यादीवर मी फार विसंबत नाही.

आणि मतं तरी कोणाची मोजायची? अमेरिकेत अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांतून निवडून आलेले निर्वाचक, आणि पूर्वी बऱ्याच राज्यांत मतदार अध्यक्षाला नव्हे, तर अशा प्रत्येक निर्वाचकाला स्वतंत्र मत देई. एका काउंटीच्या तळघरात मी पहिल्यांदा असं रजिस्टर उघडलं तेव्हा गोंधळून गेले होते. एकाच पक्षाच्या निर्वाचकांची यादी, पहिल्या नावापुढे एक आकडा आणि खाली उतरत गेलं की आकडे थोडे थोडे घसरत जातात. मतदार खुणा करता करता कंटाळला की चार नावं सोडून देई. त्यात शाई पसरलेली, सात आणि एक यांत फरक कळेना. भिंग, मग त्याच आठवड्याचं स्थानिक वर्तमानपत्र, मग बेरीज उलटी करून पडताळा. या प्रकारामुळे १९१६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या निर्वाचकांची आठ मतं सात रिपब्लिकन ह्यूज यांना आणि एक डेमोक्रॅट विल्सन यांना अशी फुटली. निकाल अटीतटीचा असेल तर कोणत्या निर्वाचकाचा आकडा धरला यावर मालिका टिकते किंवा तुटते.

काउंटीची हद्द हा भाग तुलनेने सोपा, असं मला सुरुवातीला वाटायचं. आपल्याकडे दर पुनर्रचनेत मतदारसंघाची हद्द हलते, २००८ च्या पुनर्रचनेत तर काही मतदारसंघांची नावंही गेली. त्यामानाने काउंटी जागेवर असते, म्हणूनच शंभर वर्षांची तुलना शक्य होते. पण अपवाद आहेत, आणि एक तर फार मजेशीर आहे. न्यू मेक्सिकोची व्हॅलेन्सिया काउंटी १९५२ ते २०१६ दर वेळी देशाच्या विजेत्यालाच मत देत आली, म्हणून ‘देशाची नाडी’ म्हणून मिरवली. पण १९८१ मध्ये तिचा पश्चिमेकडचा भाग, क्षेत्रफळाने सुमारे चार-पंचमांश, तोडून सिबोला नावाची नवी काउंटी झाली. म्हणजे १९८० पर्यंत अंदाज सांगणारी व्हॅलेन्सिया वेगळी आणि नंतरची वेगळी. नाव तेवढं एक. दर चार वर्षांनी तिथे कॅमेरे घेऊन जाणाऱ्या किती जणांना हे माहीत होतं, मला शंकाच आहे.

काही वेळा नुसते सांकेतिक क्रमांक बदलूनही घोळ होतो. १९९७ मध्ये डेड काउंटीची मायामी-डेड झाली, २०१५ मध्ये साउथ डकोटातल्या शॅननची ओग्लाला लकोटा. दोन्ही वेळा सरकारी क्रमांक बदलला, आणि आंधळेपणाने तक्ते जोडणाऱ्यांच्या संगणकात तिथे मालिका संपून नवी सुरू झाली. अलास्काला काउंट्या नाहीतच, लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात. व्हर्जिनियाच्या स्वतंत्र शहरांबद्दल लिहायला बसले तर उत्तर दुप्पट होईल, सोडून देते.

विजेत्याला ओळखणाऱ्या काउंट्यांचा विषय निघालाच आहे तर तोही उरकते. इंडियानाची व्हिगो काउंटी १९५६ ते २०१६ अशा १६ निवडणुकांत बरोबर ठरली. २०२० मध्ये व्हॅलेन्सियासारखीच तीही चुकली. वॉशिंग्टन राज्यातली क्लॅलम १९८० पासून २०२० पर्यंत बरोबर, आणि २०२४ मध्ये हॅरिस यांना मत देऊन चुकली. यात गूढ काही नाही. समजा एखाद्या मध्यम काउंटीला दर वेळी विजेत्यासोबत राहण्याची ७० टक्के शक्यता आहे. सोळा वेळा लागोपाठ तसं होण्याची शक्यता तीनशेत एक. अशा तीन हजारांवर काउंट्या असतील तर दहा-एक काउंट्या निव्वळ योगायोगाने ‘ज्योतिषी’ ठरतील. खरं तर काउंट्या एकमेकींसारख्या फिरतात, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही, पण अंदाज येतो. मग निवडणूक झाल्यावर आपण त्या शोधून काढतो आणि तिथल्या हॉटेलात बसलेल्या म्हाताऱ्यांना देशाचं भवितव्य विचारतो.

राहिला शेवटचा प्रश्न, पुढची कोणती तुटेल. मालिका किती जुनी आहे हे मी पाहतच नाही, तिचा अंदाजाला उपयोग नसतो. मी पाहते मताधिक्याचा उतार. ॲरिझोनातली मॅरिकोपा काउंटी १९५२ पासून रिपब्लिकन होती. २०२० मध्ये बायडेन जिंकले, २०२४ मध्ये ट्रम्प परतले. मताधिक्य आधीच पातळ झालं होतं, त्यामुळे दोन्ही वेळा आम्हा तक्तेवाल्यांना झटका बसला नाही. आजच्या घडीला जुन्या मालिकांपैकी माझं लक्ष ऑटावावर आहे. डच वंशाच्या, चर्चला धरून राहणाऱ्या लोकांची ही काउंटी. २००४ मध्ये बुश यांना तिथे ७० टक्क्यांहून जास्त मतं होती, २०२० मध्ये ट्रम्प यांना ६० च्या आसपास. वस्ती वाढते आहे, शेजारच्या ग्रँड रॅपिड्समधून नवी माणसं येताहेत. उतार आहे, पण मंद. या वेगाने गेलं तर अजून तीन-चार निवडणुका तरी तिची मालिका शाबूत राहील असं मला वाटतं. जॅक्सन काउंटीचं विचाराल तर तिथे तक्त्यात उतार शोधूनही सापडत नाही. चढच आहे.